अंगावरचे पैसे

आमच्या भागात कर्ज काढलं असं कुणी फारसं म्हणत नाही. पैसे अंगावर घेतले म्हणतात, आणि फेडून झाले की अंगावरचे उतरले म्हणतात. माझ्या अंगावर ते 2013 च्या ऑगस्टमध्ये आले. बी.एस्सी. नर्सिंगला नवी मुंबईच्या एका खासगी कॉलेजात नंबर लागला होता. चार वर्षांचे मिळून 3,60,000 रुपये, दर वर्षी 90,000 बँक थेट कॉलेजला देणार होती. सहकर्जदार म्हणून सही करायला बाबा शहापूरच्या शाखेत आले तेव्हा लावणी नुकतीच आटपली होती. शर्ट इस्त्रीचा होता, पण नखांतला चिखल गेला नव्हता. साहेबांनी सांगितलं, चार लाखांपर्यंतच्या शैक्षणिक कर्जाला तारण लागत नाही. बाबांनी काखेतली प्लास्टिकची पिशवी पुढे केली. "म्हणजे सातबारा नको?" साहेब नको म्हणाले. पाच मिनिटांनी बाबा पुन्हा म्हणाले, "निदान आठ-अ तरी ठेवून घ्या." जमिनीचा कागद न घेता बँक पैसे देते यावर त्यांचा विश्वासच बसेना. परतताना जीपमध्ये त्यांनी मला विचारलं, "मग त्यांनी धरलं तरी काय?" माझी अजून न लागलेली नोकरी धरली होती. ते सांगायचं धाडस मला झालं नाही.

बाबांना माहीत असलेलं कर्ज म्हणजे सोसायटीचं पीककर्ज. पावसाआधी उचलायचं, 31 मार्चच्या आत भरायचं, वेळेत भरलं तर व्याजात सवलत. मार्च उजाडला की गावात पळापळ सुरू होते. कुणी मेहुण्याकडून, कुणी दुकानदाराकडून चार दिवसांच्या बोलीवर पैसे आणतो, सोसायटीत भरतो, बेबाकी घेतो, आणि नवीन कर्ज हातात पडलं की आणलेले परत करतो. याला नवं-जुनं करणं म्हणतात. माझ्या आजोबांनी नवं-जुनं केलं, बाबांनीही केलं. आकडा थोडाफार वाढला, पण शून्य कधी झाला नाही. घरात कुणाला त्याचं वाईटही वाटत नसे. कर्ज हे पावसासारखं, दर साली यायचंच, अशी समजूत होती.

आमचं गाव किन्हवलीच्या बाजूला. शहापूर तालुक्यात तानसा, भातसा, वैतरणेची धरणं आहेत, मुंबई पाणी पिते ते बहुतेक इथलं. आणि याच तालुक्यात एप्रिल-मे महिन्यांत पाड्यांवर टँकरची वाट बघत हंड्यांच्या रांगा लागतात. आमच्या दोन एकरांना पावसाचं सोडून पाणी नाही, त्यामुळे पीक एकच, भात. पैसाही वर्षातून एकदाच येतो, भात विकल्यावर. महिन्याच्या महिन्याला हप्ता ही गोष्ट आमच्या घराच्या सवयीत बसणारीच नव्हती. पहिला हप्ता कापला गेला त्या 2018 सालात साध्या भाताचा हमीभाव क्विंटलला 1,750 रुपये होता. हप्ता 6,927 चा. बाबांनी बोटांवर हिशोब केला आणि म्हणाले, "महिन्याला चार क्विंटल." आमच्या शेतात चांगल्या साली पंचवीस क्विंटल भरतं. वर्षाचे हप्ते म्हणजे जवळजवळ दोन वर्षांचं पीक. इतकं स्पष्ट मला त्या कर्जाबद्दल त्याआधी कुणी सांगितलं नव्हतं.

शिकतानाचं फार सांगण्यासारखं नाही. हॉस्टेलच्या अनामतीसाठी 2014 च्या पौषात म्हशाच्या यात्रेत बाबांनी बैलजोडी विकली. मुरबाड तालुक्यातली म्हसोबाची ही यात्रा, बैलबाजारासाठी आणि घोंगड्यांसाठी लांबून माणसं येतात. बाबा दरवर्षी तिथून काहीतरी घेऊन यायचे, त्या वर्षी फक्त दोन कासरे घेऊन आले. पुढची लावणी भाड्याच्या पॉवर टिलरने झाली.

एक चूक मात्र सांगायलाच हवी, कारण ती टळली असती. कुटुंबाचं उत्पन्न वर्षाला साडेचार लाखांच्या आत असेल तर शिक्षण चालू असतानाचं आणि त्यापुढच्या वर्षाचं व्याज केंद्र सरकार भरतं, अशी योजना 2009 मध्ये सुरू झाली होती. त्यासाठी उत्पन्नाचा दाखला शाखेत द्यावा लागतो. आमचं उत्पन्न साडेचार लाखांच्या आसपासही नव्हतं, पण पहिली दोन वर्षं आम्हाला ही योजनाच ठाऊक नव्हती. वर्गातल्या एका मुलीकडून कळलं तेव्हा मी तहसीलला जाऊन दाखला काढला. तोवर दोन वर्षांचं व्याज चढलं होतं, 32,400 रुपये. हप्ते सुरू होताना ते मुद्दलात मिळवलं गेलं आणि आकडा झाला 3,92,400. हल्ली कुणाची मुलगी शिकायला निघाली की मी अभिनंदनाच्या आधी विचारते, दाखला काढला का?

पहिली नोकरी कल्याणच्या एका खासगी हॉस्पिटलात, पगार 14,000. पहाटे किन्हवलीहून जीपने आसनगाव, तिथून लोकल. अर्धा पगार हप्त्याला जायचा. नोव्हेंबरात हॉस्पिटलचा पगार 19 तारखेला झाला आणि हप्ता 10 तारखेलाच खात्यावर येऊन परत गेला. फोनवर मेसेज आला तेव्हा मी आयसीयूत ड्यूटीवर होते. परतलेल्या हप्त्याचा दंड लागला. मला दंडापेक्षा त्या मेसेजची भीती बसली. पुढे कित्येक महिने 10 तारीख जवळ आली की रात्री झोप लागत नसे.

त्या दंडाची चौकशी करायला शाखेत गेले तेव्हा काउंटरवरच्या मॅडमनी संगणकावरून एक कागद छापून दिला. परतफेडीचं वेळापत्रक. चौऱ्याऐंशी ओळी, प्रत्येक ओळीत हप्ता, त्यातलं व्याज, त्यातलं मुद्दल आणि शेवटी उरलेली बाकी. पहिली ओळ मला अजून पाठ आहे: हप्ता 6,927, व्याज 3,924, मुद्दल 3,003. निम्म्याहून जास्त पैसे व्याजात जात होते. पहिल्या बारा ओळींची बेरीज मी तिथेच बाकावर बसून केली. वर्षभरात भरणार 83,124 आणि कर्ज उतरणार फक्त 38,086 नी. डोळ्यांत पाणी आलं. मॅडमनी ते पाहिलं असावं. त्यांनी पेनाने खालच्या ओळींकडे बोट केलं. "हे बघ, खाली खाली व्याज कमी होत जातं, मुद्दल वाढत जातं. आणि हप्त्याशिवाय कधी जास्तीचे भरलेस तर ते मुद्दलातच जातील. थकबाकी तेवढी ठेवू नको. जास्तीचे भरायला दंड नाही." ही दोन मिनिटांची शिकवणी मला चार वर्षांच्या शिक्षणाइतकी उपयोगी पडली, हे मी मनापासून सांगते.

तो कागद मी कपाटाच्या दाराला आतून चिकटवला. हप्ता गेला की लाल पेनाने एक ओळ खोडायची. आई तेव्हा देवापुढे दिवा लावत असायची, ती मधेच विचारायची, "खोडलं का?" तिला वाचता येत नाही, पण लाल रेघा किती खाली आल्या ते तिला दिसायचं. बाबांचं पीककर्ज आमच्या घरात माझ्या जन्माआधीपासून आहे, पण ते असं डोळ्यांना कधी दिसलं नव्हतं.

पुढे समुदाय आरोग्य अधिकारीपदासाठीचं सहा महिन्यांचं प्रशिक्षण केलं. त्या काळात आईची बोरमाळ पतपेढीत गहाण राहिली, हप्ता मात्र एकही चुकला नाही. 2020 च्या सुरुवातीला मुरबाड तालुक्यातल्या एका उपकेंद्रात मी रुजू झाले. महिन्याला पंचवीस हजार मानधन, शिवाय कामावर आधारित मोबदला. किन्हवलीहून सरळगावला उतरायचं, माळशेजच्या रस्त्याला लागायचं आणि टोकावड्याच्या पुढे आत वळायचं. समोर सह्याद्रीची भिंत. पावसात तिच्यावरून इतके ओहोळ उतरतात की मोजता येत नाहीत.

महिनाभरातच टाळेबंदी आली. रिझर्व्ह बँकेने मार्चच्या शेवटी हप्ते तीन महिने पुढे ढकलायची मुभा दिली, मे महिन्यात ती ऑगस्टपर्यंत वाढवली. बरोबरीच्या बऱ्याच जणींनी ती घेतली. मी रात्री कपाटाचं दार उघडून बसले आणि त्या सहा महिन्यांचं व्याज काढलं. मुभा मिळाली तरी व्याज थांबत नव्हतं. मला मानधन मिळत होतं, म्हणून हप्ता चालू ठेवला. ज्यांचं उत्पन्नच बंद झालं त्यांनी मुभा घेतली ते योग्यच केलं.

उपकेंद्राच्या हद्दीत एक कातकरी वाडी आहे. कुडाची घरं, दारात एखादं शेवग्याचं झाड. दिवाळी उलटली की वाडी रिकामी होते. भाताची कापणी-झोडणी संपलेली असते, मुकादमाचा टेम्पो येतो आणि माणसं भांडी, कोंबड्या, पोरं घेऊन वीटभट्टीवर जातात. भिवंडी, कल्याण, पनवेलकडच्या भट्ट्यांवर. परत येतात वैशाखात, वळवाच्या आधी. माझं काम त्यामुळे दोन हंगामांचं होतं. गरोदर बाईचं हिमोग्लोबिन आठवर आलेलं असतं, लोहाच्या गोळ्या चालू केलेल्या असतात आणि ती निघून जाते. बाळाचे दोन डोस होतात, तिसऱ्याला बाळ वाडीत नसतं. मी माता-बाल कार्ड प्लास्टिकच्या पिशवीत घालून त्यांच्या हातात द्यायचे. भट्टीच्या जवळ कुठलं उपकेंद्र असेल तिथे दाखवा, म्हणून बजावायचे.

नका जाऊ, असं मी पहिल्या वर्षी एका बाईला म्हटलं. सातवा महिना होता तिचा. ती शांतपणे म्हणाली, "उचल घेतलीय ना बाय." गणपतीत मुकादमाने वीस हजार दिले होते. ते घरात, आजारपणात, सणात संपले होते. आता ती उचल विटा पाडून फेडायची. भट्टीवर दर आठवड्याला बाजारापुरते पैसे मिळतात, त्याला खर्ची म्हणतात, तीही उचलीत धरली जाते. हंगामाच्या शेवटी हिशोब होतो. विटांचे पैसे एका बाजूला, उचल आणि खर्ची दुसऱ्या बाजूला. बहुतेकांच्या अंगावर काहीतरी राहतंच. राहिलं की पुढच्या साली त्याच शेठकडे जावं लागतं.

हे ऐकताना मी पूर्वीच्या रोजच्या प्रवासातल्या टिटवाळ्याचा विचार करत होते. वर्षभर कल्याणची लोकल तिथून गेली, स्टेशनवर मी गणपतीला हात जोडले. याच टिटवाळ्याला 7 जानेवारी 1945 रोजी महाराष्ट्र राज्य किसान सभेचं पहिलं अधिवेशन भरलं होतं आणि त्यानंतर सभेच्या नेत्या गोदावरी परुळेकर ठाणे जिल्ह्याच्या आदिवासी भागात वेठीविरुद्ध उभ्या राहिल्या. लग्नासाठी सावकाराकडून पैसे घेतले की नवरा-बायको दोघंही त्याच्याकडे राबायची, त्यांना लग्नगडी म्हणत. 1976 मध्ये वेठबिगारी बंद करणारा कायदा आला. त्या कायद्याप्रमाणे अशी उचल माणसाला बांधून ठेवू शकत नाही. जिल्ह्यात श्रमजीवी संघटनेने कितीतरी माणसं अशा वेठीतून सोडवलीही. हे सगळं मला माहीत होतं. पण ती बाई माझ्यासमोर बसली होती आणि टेम्पो दुसऱ्या दिवशी सकाळी येणार होता.

ती मे महिन्यात परत आली, कडेवर बाळ. बाळंतपण भट्टीजवळच्या सरकारी दवाखान्यात झालं होतं, कार्डावर नोंद होती. मी बाळाचं वजन करत होते तेव्हा तिने कनवटीची सुतळी काढून माझ्या टेबलावर ठेवली. बोटभर अंतरावर गाठी मारलेल्या. प्रत्येक खर्चीला एक गाठ. सुतळी घामाने आणि धुळीने काळी झाली होती, गाठी इतक्या घट्ट की नखाने मोजाव्या लागल्या. आम्ही दोघींनी दोनदा मोजल्या, चोवीस. मुकादमाच्या वहीत खर्च्या एकतीस होत्या. आठशेप्रमाणे सात खर्च्यांचे 5,600 होतात, आणि तिच्या अंगावर राहिले होते सहा हजार. दिवाळीनंतर गेलेली माणसं वैशाखात परत आली, त्यात एकतीस आठवडे बसतात तरी कुठे? मुकादमाचं म्हणणं, मधल्या मधल्या खर्च्या नवऱ्याने परस्पर घेतल्या. नवरा नाही म्हणतो. कोण खरं बोलतंय ते मला आजही सांगता येणार नाही, कारण वही एकाच्याच हातात होती.

त्या संध्याकाळी घरी आल्यावर मी कपाटाचं दार बराच वेळ उघडं ठेवलं. माझं कर्ज तिच्या उचलीच्या कितीतरी पट मोठं. पण मला शेवटची ओळ दिसत होती. बँकेने माझा कागद माझ्या हातात दिला होता, पैशापर्यंत. मी चुकले तर मला दंड होता, तशी बँक चुकली तर मी बोट ठेवून विचारू शकत होते. तिच्याकडे सुतळी होती, आणि सुतळी कुणी पुरावा म्हणून धरत नाही.

पुढच्या दिवाळीच्या आधी मी दोनशे पानी वहीत रेघा मारून दिल्या. तारीख, खर्ची, विटा, आणि समोर मुकादमाची सही. सोबत जाणारा पुतण्या पाचवी शिकलेला होता, त्याला दोन संध्याकाळी बसवून लिहायला शिकवलं. मोबाइलवर दर शनिवारी पानाचा फोटो पाठव म्हटलं. आमच्याकडेही नेटवर्कची बोंबच. त्याच पट्ट्यातल्या धसईचं नाव 2016 च्या डिसेंबरात रोकडरहित गाव म्हणून वर्तमानपत्रांत आलं होतं, पण उपकेंद्रात मला हप्ता गेल्याचा मेसेज बघायला पाण्याच्या टाकीपाशी जाऊन उभं राहावं लागायचं. तरी फोटो येत राहिले. अकरा आठवडे. मग थांबले. पुतण्याला दुसऱ्या भट्टीवर पाठवलं होतं.

मे महिन्यात हिशोब झाला तेव्हा त्या अकरा आठवड्यांबद्दल कुणी वाद घातला नाही. वही समोर होती. उरलेल्या आठवड्यांचा घोळ नेहमीसारखाच झाला. अंगावर अठराशे राहिले. त्यानंतर ती त्या मुकादमाकडे गेली नाही, दुसऱ्याकडे गेली. उचल मात्र घेतलीच. पण निघण्याआधी वही मागायला स्वतः उपकेंद्रात आली, आणि तिच्यामागे आणखी दोघी होत्या. तेव्हापासून गणपती झाले की मी सरळगावच्या दुकानातून वह्यांचा गठ्ठा आणते. रेघा मारायला मला एक रविवार लागतो.

इकडे कपाटावरच्या माझ्या लाल रेघा खाली सरकत होत्या. मोबदल्याची रक्कम हातात आली की त्यातले दहा हजार मी शाखेत जाऊन भरायचे आणि पावतीवर "मुद्दलात जमा" लिहून घ्यायचे. 2021 मध्ये बोरमाळ सोडवली, म्हणून त्या वर्षी जास्तीचं एकदाच भरता आलं. बाकी दर सहा महिन्यांनी. तीस हजारांच्या आत आले तेव्हा मला एकदम घाई झाली. नवीन चप्पलसुद्धा घेईना. आईने रागावून घ्यायला लावली.

2023 च्या डिसेंबरात उरलेले चोवीस हजार आणि काही रुपये एकदम भरले. मुदतीच्या दीड वर्ष आधी. काउंटरवर दुसरीच मुलगी होती, त्या मॅडमची बदली झाली होती. मला त्यांना सांगायचं होतं. आठवड्याने बँकेने लेटरहेडवर बेबाकी दिली, कर्जखाते बंद, येणे शून्य.

बाबा अंगणात भाताच्या पेंढ्याची उडवी रचत होते. मी कागद वाचून दाखवला. त्यांनी हात धोतराला पुसले, कागद उजेडात धरला, खालचा शिक्का नीट पाहिला. बेबाकी त्यांनी आयुष्यात खूप पाहिल्या होत्या.

"बरं झालं," ते म्हणाले. "मग आता नवीन किती काढायचंय?"

"काढायचं नाही, बाबा. संपलं."

ते थोडा वेळ कागदाकडेच बघत राहिले. मग आत गेले, फळीवरची प्लास्टिकची पिशवी खाली काढली आणि तो कागद सातबाऱ्याच्या घडीत ठेवला. पिशवीला गाठ मारायच्या आधी त्यांनी तो एकदा परत बाहेर काढून पाहिला.